मेस्त्रे काजूचे पाय

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला की या देशातली माणसं घड्याळं एक तास मागे घेतात आणि आपण काळालाच चकवलं अशा थाटात चहा पितात. दुसऱ्या दिवशी चहाच्याच वेळेला खिडकीत अंधार येऊन उभा राहतो. कुणी कुणाला चकवलं ते तेव्हा कळतं.

याच सुमारास आमच्या हॉस्पिटलमध्ये भूल देणाऱ्या ज्युनिअर डॉक्टरांचे चेहरे पिवळे पडू लागतात. परीक्षेचा मोसम. कॉफी रूममध्ये दोघं-तिघं गुडघ्याला गुडघा लावून बसतात, एकमेकांना प्रश्न विचारतात आणि उत्तर चुकलं की बिस्किट खातात. मी आता कन्सल्टंट आहे, म्हणजे रेडिएटरजवळची खुर्ची माझी. तिथे पाय पसरून बसायचं आणि त्यांच्याकडे तुच्छतेने बघायचं हा माझा नोव्हेंबरातला विरंगुळा. कुणी गुलाब लावतं, कुणी जुनी नाणी जमवतं. मी तुच्छ लेखते. लहानपणापासूनची आवड आहे, आणि रियाजात खंड नाही.

परवा सुपरमार्केटच्या नोटीस बोर्डावर, हरवलेलं मांजर आणि विकायचा पाळणा यांच्या मधोमध, एक कागद दिसला. ‘कपोएरा! नाच, व्यायाम, मारामारी, धमाल. पहिला क्लास फुकट.’ खाली पांढऱ्या पँटमधला एक तुकतुकीत तरुण हातांवर उभा होता. मी तिथेच, काखेत लीकच्या पातीची जुडी धरून, एवढ्या मोठ्यांदा हसले की पाळण्याचा फोन नंबर लिहून घेणारी बाई दोन पावलं सरकली. आणि हसता हसता नाकात तो वास भरला. ओल्या कोटांचा, फरशीच्या पॉलिशचा आणि रविवारच्या शाळेतल्या पोरांनी सांडलेल्या ऑरेंज स्क्वॉशचा. नॉटिंगहॅममधल्या एका चर्च हॉलचा.

दोन हजारच्या दशकातलं मधलं कुठलं तरी वर्ष. मी छत्तिशीची, मंदाताईंच्या घरात वरची उतरत्या छपराची खोली भाड्याने घेऊन राहत होते. फेलोशिपच्या शेवटच्या परीक्षेची तोंडी मी दोनदा नापास झाले होते. पहिल्यांदा परीक्षक मूर्ख होते. दुसऱ्यांदा, योगायोग बघा, परीक्षक बदलले तरी मूर्खच निघाले. त्यांनी शेरा पाठवला होता: ‘उमेदवार प्रश्नाचं उत्तर देण्याऐवजी प्रश्नाशी भांडतात.’ मी तो शेरा मंदाताईंना वाचून दाखवला आणि पटवून दिलं की प्रश्नच भांडण्यासारखे होते. मंदाताई ‘हो का’ म्हणाल्या आणि कुकरची शिटी मोजायला गेल्या.

तिसरी तोंडी नोव्हेंबरच्या अखेरीस होती. फेब्रुवारीत माझा नोकरीचा करार संपत होता. पास झाले तर इथे पुढची नोकरी, नाही तर सांगली. सांगलीत दादाचं नर्सिंग होम होतं, आणि दादाने फोनवर प्रेमाने सांगितलं होतं, “तू ये गं, तुझ्या नावाची पाटीसुद्धा करून ठेवलीय.” पाटी! माझ्या नापासाची पाटी त्याने आगाऊ रंगवून घेतली होती. त्या पाटीचा निळा रंग मला न बघताच दिसायचा, आणि पुस्तक उघडलं की अक्षरांच्या मागे तोच.

आई मात्र वेगळ्याच निदानावर ठाम होती. कॉलिंग कार्ड खरवडून, बारा आकडी नंबर दोनदा चुकवून मी फोन लावायचे, आणि ती म्हणायची, “परीक्षेला जाताना कुणाच्या पाया पडली होतीस?”

“कुणाच्याच नाही.”

“म्हणूनच. एवढ्या मोठ्या देशात तुला पाया पडायला कुणी मोठं मिळत नाही?”

“आई, इथे माझ्याहून मोठं कुणी नाही.”

हे मी गंमतीत म्हटलं होतं असं आज म्हणायला मला आवडेल.

मंदाताईंची मुलगी तन्वी एकोणीस वर्षांची, इथेच जन्मलेली, युनिव्हर्सिटीत भूगोल शिकत होती. तिचं मराठी म्हणजे लिंगभेद न मानणारं पुरोगामी मराठी. एका बुधवारी माझ्या दारात उभी राहून म्हणाली, “मावशी, तू सारखा बसून सगळ्यांना क्रिटिसाइझ करते. तुझा पाठ बघ, प्रश्नचिन्हसारखी झालाय. माझी क्लास आहे, चल.”

“कसला क्लास?”

“कपोएरा. ब्राझिलियन आहे. फायटिंग पण आहे, डान्स पण आहे.”

“म्हणजे धड एकही नाही.”

“एक्झॅक्टली असंच बोलणार तू, मी आईला सांगितली होती.”

मी गेले ते केवळ नावं ठेवायला नवीन खाद्य मिळेल म्हणून. मिळालं, पोटभर मिळालं. हॉलमध्ये बारा-पंधरा गोरी माणसं पांढऱ्या पँटी घालून अनवाणी गोल उभी होती. त्यांत ग्रॅहम नावाचा एक हिशेबतपासनीस, ज्याच्या कमरेला बाक म्हणून नव्हताच. तो लाथ मारायचा तेव्हा फायलींचं कपाट उघडल्यासारखं दिसायचं. दोन शाळामास्तरणी, ज्यांना वाटत होतं की ‘एनर्जी’ हा शब्द तीनदा उच्चारला की ती येते. सगळे टाळ्या वाजवत होते आणि प्रत्येकाची टाळी स्वतंत्र विचारांची होती. आमच्या गल्लीतल्या भजनात असा ताल चुकवणाऱ्याच्या हातून झांजा काढून घेत. ते पोर्तुगीजमध्ये गाणं म्हणत होते, एकाने ओळ सांगायची, बाकीच्यांनी उचलायची, आणि अर्थ कुणालाही माहीत नव्हता. चेहरे मात्र असे, जणू यांच्याच आज्यांनी ते जात्यावर म्हटलं होतं.

मधोमध वाद्य होतं. उंच धनुष्य, एकच तार, खाली पोकळ भोपळा. बेरिंबाव म्हणतात त्याला. मला ती सरळ पिंजाऱ्याची धनुकली वाटली. हा माणूस आता गाद्या भरून देणार, असा विचार करत मी वादकाकडे बघितलं, आणि माझ्या तुच्छतेला त्या संध्याकाळी पहिल्यांदा उचकी लागली.

त्याला मी ओळखत होते. रोज बघत होते. आमच्या हॉस्पिटलचा पोर्टर. वॉर्डातून थिएटरपर्यंत पेशंटची ट्रॉली ढकलत आणणारा, करकरणाऱ्या रबरी बुटांचा, पन्नाशीचा काळा माणूस. दोन वर्षं त्याने माझ्या दारात माणसं आणून दिली होती आणि मी त्याचं नाव विचारलं नव्हतं. ट्रॉलीला कुणी नाव विचारतं का?

“दोतोरा!” तो म्हणाला. त्यांच्या भाषेत डॉक्टरीणबाई. हॉलमध्ये सगळे त्याला मेस्त्रे म्हणत होते, म्हणजे गुरुजी, मेस्त्रे काजू. काजू हे त्याचं कपोएरातलं टोपणनाव, आणि अर्थ आपल्याकडचाच. तो शब्दही पोर्तुगिजांच्याच बोटीतून आपल्याकडे उतरलेला, पगार आणि घमेल्याच्या सोबतीने. मी मनात लगेच मेस्त्रेचा मिस्त्री करून टाकला. भिंतीला ओळंबा लावणारा.

पुढच्या बुधवारी मी पुन्हा गेले. का, ते विचारू नका. खोलीत पाटी दिसायची, हॉलमध्ये दिसायची नाही, एवढंच. त्यांची पँट विकत घ्यायला मी साफ नकार दिला आणि माझी पांढरी सुती सलवार घालून, नाडी दुहेरी गाठीने बांधून उभी राहिले.

पहिला धडा म्हणजे जिंगा. एक पाय मागे, मग दुसरा, डोलत राहायचं, कधीच स्थिर उभं राहायचं नाही. समोरच्याची लाथ आली तर अडवायची नाही, तिच्याखालून वाकून निसटायचं. आणि स्वतः लाथ मारायची ती लागेल अशी नाही. गालापासून वितीवर नेऊन दाखवायची. मी मारली असती, पण मारली नाही, असं. मला हे सगळं भंपक वाटलं. मी लाथ आली की दोन्ही हातांनी अडवायचे. ग्रॅहमच्या नडगीवर माझ्या मनगटाचं हाड बसलं आणि तो “सॉरी” म्हणाला. मार खाऊन माफी मागणाऱ्या या लोकांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य कसं केलं, हे कोडं मला आजतागायत सुटलेलं नाही.

मेस्त्रे हसत जवळ आला. “दोतोरा, तू भिंत बनतेस. भिंतीला लाथ चुकवता येत नाही.”

“भिंतीला चुकवायची गरजही नसते.”

“मग ती पडते तेव्हा सगळीच्या सगळी पडते.”

चहाच्या कपावर छापायला ठीक वाक्य, असं मी घरी जाताना तन्वीला म्हटलं. तन्वी म्हणाली, “तुझं नाक ना मावशी, तो बसमध्ये वेगळा तिकीट काढायला पाहिजे.”

त्या महिन्याचं मला आठवतं ते असं सुटं सुटं. फुटपाथवर मेपलची पानं ओल्या पोळ्यांसारखी चिकटलेली. सकाळी खिडकीच्या काचेवर माझ्याच श्वासाचं पाणी. टेबलावर फुप्फुसांच्या आकृत्या, त्यांच्यावर मंदाताईंच्या थालीपिठाचे तेलकट डाग. आणि हॉस्पिटलच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये दुरून येणारी ट्रॉली. आता मला दिसू लागलं होतं की तो माणूस ती ढकलत नाही, तो तिच्यामागे डोलतो. वळणावर एक पाय मागे टाकून अशी फिरवतो की पेशंटच्या पोटावरची फाइलसुद्धा हलत नाही. दोन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर हा नाच चालू होता आणि मी घड्याळात बघून म्हणत होते, “उशीर झाला.”

एकदा क्लास संपल्यावर धनुष्याची तार उतरवून गुंडाळता गुंडाळता त्याने सांगितलं ते असं. कपोएरा गुलामांची. आफ्रिकेतून पकडून नेलेल्यांची. मळ्याच्या मालकासमोर लढाई शिकणं म्हणजे चाबूक, म्हणून गाणं लावायचं, टाळ्या वाजवायच्या, डोलायचं. मालक व्हरांड्यातून बघायचा आणि म्हणायचा, नाचतायत बिचारे. “तो आम्हाला तुच्छ समजायचा,” मेस्त्रे म्हणाला, “आमच्यासाठी बरं होतं. तुच्छ समजणाऱ्याला नीट दिसत नाही.”

मी चटकन म्हटलं, “सगळ्या गुलामांच्या कथा अशाच सांगतात, पुरावा काय?” तो म्हणाला, “बरोबर, दोतोरा, पुरावा नाही,” आणि भोपळा कापडात बांधू लागला. त्याने वाद घातला असता तर मी जिंकले असते. तो लाथेखालून वाकून निसटला, आणि माझी लाथ बसस्टॉपपर्यंत हवेतच राहिली.

नोव्हेंबरात त्यांचा बातिझादो. शब्दाचा अर्थ बाप्तिस्मा, पण मी त्याला बारसं म्हणायचे, कारण त्यात नाव ठेवतात आणि कमरेला रंगीत दोरी बांधतात. सरळ करदोटाच. नवशिक्याने भर रिंगणात गुरूशी खेळायचं, आणि शेवटी गुरूने त्याला जमिनीवर पाडायचं. पडलं की पास. मला हे कळलं तेव्हा मी म्हटलं, “मी पडणार नाही.”

“सगळे पडतात,” मेस्त्रे म्हणाला.

“आणि नाही पडले तर?”

“मग जेवणाच्या वेळेपर्यंत खेळू. माझी बायको चांगला स्वयंपाक करते, ती वाट बघेल.”

मी नाही म्हणू शकले असते. पण तन्वीने माझ्याकडे असं बघितलं की नाही म्हणणं हेच पडणं झालं असतं. बारसं शनिवारी होतं, परीक्षा त्यानंतरच्या गुरुवारी. शुक्रवारी आईचा फोन आला. एरवी मी करायचे, या वेळी तिने केला. “या खेपेला तरी,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात पहिल्यांदाच निदान नव्हतं, नुसती भीती होती. “दादा तुला ठेवून घेईल गं, पण तू तिथे जगणार नाहीस. मला ठाऊक आहे. कुणाच्या तरी पाया पडून जा.”

शनिवारी हॉल भरला होता. मंदाताई डब्यातून ढोकळा घेऊन आल्या होत्या. ग्रॅहम पडला, फायलींचं कपाट आडवं झालं, टाळ्या. शाळामास्तरणी पडल्या, एनर्जीसह. मग माझं नाव पुकारलं. धनुकली वाजू लागली, सगळे माझ्याकडे बघू लागले, आणि माझ्या तळव्यांना घाम आला. तो घाम मी ओळखला. शाळेपासूनचा, हॉल तिकिटाचा, ‘उमेदवाराने आत यावे’चा. समोर मेस्त्रे डोलत होता. मी त्याच्याकडे बघायचं सोडून खाली बघितलं. रोज बुटांत असणारे ते पाय आज अनवाणी होते. पसरट, बोटं सुटी सुटी, टाचांना भेगा. आमच्या मास्तरांचे, आजोबांचे, शेजारच्या काकांचे, परीक्षेच्या सकाळी ज्यांच्यापुढे मला वाकवलं जायचं त्या सगळ्यांचे पाय असेच होते.

माझा हात मला न विचारता खाली गेला. दोन्ही हात. मी वाकले आणि त्याच्या पायांना हात लावला.

आता कपोएरात एक डाव आहे. वाकून समोरच्याचे घोटे धरायचे, खेचायचे आणि त्याला उताणा पाडायचा. गुरूवर नवशिक्याने तो टाकणं म्हणजे धाडसाची हद्द. मी खेचलं नाही, देवाशपथ. पण क्षणभर त्याचं डोलणं थांबलं, माझा खांदा त्याच्या गुडघ्याला लागला, आणि मेस्त्रे काजू, तीस वर्षं मुरलेला उस्ताद, धप्पकन बसला. फरशीवर.

धनुकली थांबली. मग हॉल कोसळला. “ब्लडी ब्रिलियंट!” ग्रॅहम ओरडला. जो तो म्हणू लागला, काय मलीसिया! मलीसिया म्हणजे लबाडी, चलाखी, कपोएरातला सगळ्यात मोठा गुण. मेस्त्रे उठला, माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मग एका पायाने अलगद माझे दोन्ही पाय झाडून काढले आणि मीही बसले. करदोटा बांधला गेला. नाव ठेवलं गेलं: नारीस. म्हणजे नाक. मंदाताईंनी एवढ्या मनापासून टाळ्या वाजवल्या की ढोकळ्याचा डबा पडला.

“हा डाव कुणी शिकवला?” कुणीतरी विचारलं.

त्या क्षणी माझ्यापुढे दोन वाटा होत्या. खरं सांगायचं, की एका डॉक्टरणीने एका पोर्टरच्या पायांना भक्तिभावाने हात लावला. नाही तर लबाड ठरायचं. मी ढोकळ्याचा तुकडा उचलला आणि म्हटलं, “गुपित आहे.”

बसमध्ये तन्वी माझ्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, “तू नमस्कार केली ना? एक्झॅमच्या आधी आई मला करायला लावते तसा?”

“डाव होता तो.”

“खोटारडा.” या वेळी तिचं लिंग चुकलं तरी बाकी सगळं बरोबर होतं.

परीक्षेचं सांगून टाकते. लंडन, हिरवं टेबल, दोन परीक्षक. तिसऱ्या प्रश्नावर मी अडले. यापूर्वी अशा वेळी मी मान वर करून, तुमचा प्रश्नच चुकीचा मांडलाय, असं सुरू करायचे. या वेळी मी म्हटलं, “मला माहीत नाही.” परीक्षकाचा चेहरा इतका सैलावला, जणू त्यालाही ते उत्तर येत नव्हतं. तो पुढच्या प्रश्नाकडे गेला, मीही गेले. पास झाले. कपोएराने मला नम्रता शिकवली असं कुणी यावरून म्हणायला लागलं तर त्याचा मी जाहीर अपमान करीन. मी रोज सहा तास अभ्यास केला होता.

आईला फोन केला. ती रडली, नाक शिंकरलं आणि विचारलं, “शेवटी कुणाच्या पाया पडलीस?”

“एका मास्तरांच्या.”

“कसले मास्तर?”

“पडायला शिकवतात.”

“चांगले दिसतायत,” आई म्हणाली. “पेढे दिलेस का त्यांना?”

पेढे लेस्टरहून आणवले. थिएटरमधल्या सगळ्यांना वाटले. इंग्रजांनी ते चीज आहे का विचारलं आणि अर्धा अर्धा खाऊन उरलेला रुमालात गुंडाळला. एक पेढा ठेवून मी कॉरिडॉरमध्ये उभी राहिले. लांबून करकर ऐकू आली. ट्रॉलीवर एक म्हाताऱ्या बाई होत्या, खुब्याच्या ऑपरेशनला निघालेल्या.

“मेस्त्रे,” मी म्हटलं. हॉस्पिटलात हा शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला. “त्या दिवशी तो डाव नव्हता. आमच्याकडे परीक्षेला जाताना मोठ्यांच्या पायांना हात लावतात. मी खोटं बोलले.”

त्याने ट्रॉलीचा ब्रेक लावला. पेढा घेतला, उलटसुलट करून बघितला.

“दोतोरा, माझे घोटे धरायला आलेले मी शेकड्यांनी पाहिलेत. हल्ला असता तर मी केव्हाच निसटलो असतो.” तो स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला, “तसा हात माझ्या पायांना कुणी कधी लावला नव्हता. त्याच्यातून कसं निसटायचं ते मला शिकवलेलं नाही.”

“आपण निघणार आहोत का रे बाळा,” ट्रॉलीवरच्या आजी म्हणाल्या, “की मी चालत जाऊ?”

त्याने पेढा तोंडात टाकला, ब्रेक सोडला, एक पाय मागे घेतला आणि आजींना वळणावरून असं नेलं की पांघरुणाची घडीसुद्धा मोडली नाही. मी रिकामा खोका हातात धरून भिंतीला टेकून उभी राहिले. नाव नाक, आणि मुरडायला आसपास कुणी नाही.